चौदाव्या दिवसापासून पुढे : सांगली जिल्ह्यातील ग्रामसभांना खुले पत्र

सांगली जिल्ह्यातील सर्व ग्रामसभांचे सभासद, सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या १५ ऑगस्टला आपापल्या गावी ग्रामसभा भरेल. विषयपत्रिकेवर गटारे, पाणीपट्टी, घरकुलांच्या याद्या आणि स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता हे विषय असतील, आणि ते असायलाच हवेत. त्यांच्या जोडीला आणखी एक विषय घ्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गावात एखाद्या घरी मृत्यू झाला की तेरा दिवस ते घर गाव सांभाळते. चौदाव्या दिवसापासून वर्षश्राद्धापर्यंत ते कोणी सांभाळायचे, हे मात्र आपल्याकडे कधी ठरलेले नाही. ते ठरवावे, एवढेच माझे मागणे आहे. त्यासाठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही आणि जिल्हा परिषदेची मंजुरीही लागत नाही.

मी पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात राहते. एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. माझ्या घरात तीन वर्षांच्या अंतराने दोन मृत्यू झाले आणि ते इतके निरनिराळ्या तऱ्हेने झाले की, त्यांची तुलना केल्याशिवाय मला माझे म्हणणे नीट मांडता येणार नाही.

सासूबाई २०१८ च्या थंडीत गेल्या. वय झालेले होते. पहाटे त्यांचा श्वास थांबला आणि उजाडेपर्यंत कोणालाही काही न सांगता गल्ली कामाला लागली होती. एकाने ट्रॅक्टरमधून लाकडे पोहोचवली, एकाने पै-पाहुण्यांना फोन करण्यासाठी वही उघडली, समोरच्या घरातून पिठले-भाकरीची पाटी आली. आमच्या घरी चूल पेटायची नाही हे ज्याला त्याला ठाऊक होते आणि कोणत्या दिवशी कोणाच्या घरून डबा यायचा, हेही बायकांनी आपापसांत वाटून घेतले होते. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झाले. दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा भावकीतील एकेकाने पुढे होऊन शब्द देऊन पाहिला. नातीच्या लग्नाचा दिला, घराच्या वाटणीचा दिला, कावळा हलेना. शेवटी माझ्या धाकट्या दिरांनी "आई, म्हैस विकत नाही" असे म्हटले आणि कावळ्याने झडप घातली. त्या दुःखातही सगळी माणसे हसली. कावळ्याला काय कळते, हा वाद मी शाळेत घातला असता. त्या दिवशी घातला नाही, कारण त्या हसण्याने घरातला ताण निम्म्याने उतरला होता.

माझे पती २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सांगलीतील एका रुग्णालयात गेले. आमच्या दारात बांबू आडवे बांधलेले होते. मी स्वतः तापाने पडून होते. मुलाला रात्री पावणेदोनला फोन आला आणि अंत्यसंस्कार परस्पर उरकले गेले. कोणी आले नाही, येऊ शकत नव्हते; त्याबद्दल माझ्या मनात कोणाविषयी राग नाही. रक्षाविसर्जन नाही, दहावे नाही, भाकरीची पाटी नाही. अस्थींची पिशवी गोठ्याच्या तुळईला जवळपास सव्वा महिना टांगलेली होती. मग मुलाने ती हरिपूरच्या संगमावर नेली. पुढे जुलैच्या अखेरीस पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५४ फुटांच्या वर गेले, आणि ज्या खालच्या खोलीत त्यांचे कपडे होते ती खोली गाळाने भरली. धोक्याची पातळी ४५ फूट असते हे आपल्याकडच्या लहान मुलालाही पाठ आहे. घरातल्या माणसाची धोक्याची पातळी किती, हे मात्र आपण मोजत नाही.

तेव्हा मला वाटत असे की, तेरा दिवस मिळाले असते तर मी सावरले असते. पुढच्या दोन-तीन वर्षांत गावातील इतर घरी जाऊ लागले, बायकांशी आणि काही पुरुषांशीही सावकाश बोलू लागले, तेव्हा कळले की ज्यांना तेरा दिवस पुरते मिळाले होते त्यांचीही गत माझ्यासारखीच झाली होती. माझे एकटेपण पहिल्या दिवशी सुरू झाले आणि त्यांचे चौदाव्या, एवढाच काय तो फरक. मांडव उतरला, पाहुणे एसटीला लागले, उसन्या आणलेल्या सतरंज्या परत गेल्या. तेव्हा खरे दुःख घरात येऊन बसले.

आपल्या रूढींची मी टवाळी करत नाही, उलट त्यांतले एक शहाणपण आपल्या लक्षात आणून देते आहे. तेरा दिवस नीट पार पडतात, कारण त्या दिवसांतले प्रत्येक काम कोणाचे तरी ठरलेले असते. खांदा कोणी द्यायचा, मडके कोणी धरायचे, कडू घास कोणी भरवायचा, दुखवट्याचे कपडे कोणी आणायचे, याची कोणाला विचारणा करावी लागत नाही. चौदाव्या दिवसापासून कोणाचेच काही ठरलेले नसते, म्हणून "काही लागले तर सांगा" असे म्हणून माणसे आपापल्या घरी जातात. ज्याचे माणूस गेले आहे त्याला काय लागते आहे हेच कळत नसते; तो काय सांगणार? मला स्वतःला काय लागत होते, ते आता चार वर्षांनी सांगता येते.

मला सर्वांत आधी लागत होते ते रानातल्या मोटारीचा स्टार्टर चालू करणे. हसण्यासारखे वाटेल, पण तसेच होते. आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. पतींनी बत्तीस वर्षे ती पाळी सांभाळली आणि मी रोज शाळेत गेले. ते गेल्यावर दीड एकर आडसाली ऊस उभा होता आणि त्याला पाणी द्यायचे कसे, हे मला माहीत नव्हते. मुलगा पुण्याला नोकरीवर परतला होता. एका रात्री बॅटरी घेऊन एकटीच विहिरीवर गेले. पेटीचे झाकण उघडले, तर आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते : "आधी तिन्ही दिवे बघ. मग हिरवे. घाई नको." हे त्यांनी कोणासाठी लिहिले होते, हे मला आजही कळलेले नाही, गड्यासाठी असेल. मी तिथे पाटावर बसून पोटभर रडले आणि मग हिरवे बटण दाबले. पाण्याचा आवाज आला. त्या दिवसापासून मी जगायला शिकू लागले, असे मी मानते. मात्र त्या रात्री सोबतीला गल्लीतले एखादे पोर असते, तर मला हे शिकायला पाच महिने लागले नसते.

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठातील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक गोष्ट मांडली आणि ती वाचल्यावर मला त्या रात्रीचा अर्थ लागला. त्यांचे म्हणणे असे की, दुःखातला माणूस एका सरळ रस्त्याने पुढे जात नाही. तो गेलेल्या माणसाकडे आणि समोर पडलेल्या कामाकडे असा आलटून पालटून वळत राहतो आणि हे वळणे हाच सावरण्याचा मार्ग असतो. आपण मात्र दोन्हीकडून अडवतो. बाई रडली तर "आता सावर, पोरांकडे बघ" म्हणतो आणि चार महिन्यांनी ती नवी साडी नेसून बाजारला निघाली तर "हिला काही वाटतं का" असेही म्हणतो. सकाळी रडलेल्या माणसाने दुपारी हसण्यात काहीही खोटे नसते.

बायकांविषयी बोलते आहे, तर तो विषय इथेच पुरा करते. नदीपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे हे गावात होणार नाही. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सांगितले. आपल्यापैकी अनेक गावांनी तसे ठराव केलेही. माझा प्रश्न ठरावानंतरचा आहे. बांगड्या फोडल्या नाहीत, हे चांगले झाले. पण पुढच्या संक्रांतीला त्या बाईला हळदीकुंकवाचे बोलावणे गेले का? मुलीच्या लग्नात तिने स्वतः मुलीला हळद लावली का? आमच्या गावात ठराव झाल्यावरही मला दोन वर्षे बोलावणे आले नाही. तिसऱ्या वर्षी माझ्याच हाताखाली शिकलेली एक सून दारात येऊन "बाई, तुम्ही आला नाहीत तर मीही वाण लुटत नाही" असे म्हणाली, तेव्हा मी गेले. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला होता. अमलात आणला तो त्या मुलीने.

पुरुषांविषयी आपण याहूनही कमी बोलतो. बायको गेलेला माणूस पारावर बसलेला दिसतो, तंबाखू मळतो, विचारले तर "बरं चाललंय" म्हणतो आणि आपणही तेवढ्यावर समाधान मानतो. ब्रिटनमध्ये ५४ वर्षांवरील ४,४८६ विधुरांच्या नोंदी नऊ वर्षे पाहिल्या गेल्या आणि १९६९ साली त्याचा निष्कर्ष छापला गेला : पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्के जास्त होते आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकाराचा होता. त्यानंतर ते प्रमाण हळूहळू खाली आले. पहिले सहा महिने, हे लक्षात घ्यावे. आपले लक्ष पहिल्या तेरा दिवसांवर असते. ज्याला भाकरी थापता येत नाही, ज्याची रक्तदाबाची गोळी रोज बायको हातावर ठेवत होती, त्याच्या घरी तिसऱ्या महिन्यात कोण डोकावते?

मुलांबाबत मी दुसऱ्या कोणाला दोष देणार नाही, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गातील एका मुलाचे वडील वारले. पंधरा दिवसांनी तो शाळेत आला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना त्याने वडिलांचे नाव नेहमीसारखे लिहिले आणि मी लाल पेनाने त्याआधी "कै." घातले, कारण अर्ज बिनचूक जावा अशी माझी शिस्त होती. तो काही बोलला नाही. त्याने खोडरबर घेतला आणि ते अक्षर खोडत राहिला. शाई निघेना, कागद फाटेपर्यंत खोडत राहिला. मी त्याला नवीन अर्ज दिला आणि कागद फाडल्याबद्दल रागावलेही. त्याच्याशी त्याच्या वडिलांबद्दल मी वर्षभरात एक शब्द बोलले नाही. बोलले तर त्याला रडू येईल, असे मला वाटत होते. रडू त्याला तसेही येत असणार, फक्त ते माझ्यासमोर येत नव्हते. शिक्षकांनी, अंगणवाडीताईंनी आणि घरच्यांनी मुलासमोर गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याच्या आठवणी सांगाव्यात. "बाबा देवाघरी गेले, लवकर येतील" असे खोटे सांगू नये. मूल वाट पाहत बसते.

आता कागदपत्रांविषयी, कारण चौदाव्या दिवसापासून घरावर जे पहिले ओझे पडते ते कागदांचे असते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. ती बहुधा होते. वारसाची खबर तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते. ती अनेक घरी वर्षानुवर्षे राहते, आणि मग सोसायटीचे कर्ज, कारखान्याची ऊसनोंद, पीकविमा हे सारे मेलेल्या माणसाच्या नावावर अडकते. एका कार्यालयात माझा अर्ज तीन वेळा परत आला, आणि तिसऱ्या वेळी खिडकीतल्या माणसाने मान वर न करता "मिस्टरांना घेऊन या" असे सांगितले. समोर त्यांच्याच मृत्यूचा दाखला होता. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि त्या दिवशी तो अर्ज दिलाच नाही. मी शिकलेली बाई आहे, माझी ही अवस्था. आमच्या वस्तीवरील एका तरुण मुलीच्या नवऱ्याच्या पासबुकात दरवर्षी ४३६ रुपये वजा होत होते. ते कशाचे, हे तिला ठाऊक नव्हते. ती पंतप्रधान जीवनज्योती विम्याची रक्कम होती आणि त्यापोटी तिला दोन लाख रुपये मिळणार होते. नवरा गेल्यानंतर आठ महिन्यांनी, भिशीच्या बैठकीत सहज पासबुक पाहिले गेले, म्हणून ते कळले. संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये ज्यांना मिळू शकतात अशा कितीजणी केवळ कोणी सांगितले नाही म्हणून बाहेर राहिल्या असतील!

म्हणून माझी ग्रामसभेला विनंती अशी की, प्रत्येक गल्लीतून किंवा वस्तीवरून दोन माणसे, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, एका वर्षासाठी नेमावीत. मृत्यू झालेल्या घरी त्यांनी चौदाव्या दिवशी जावे, मग महिन्याने जावे, आणि पुढे वर्षभर महिन्यातून एकदा जात राहावे. सोबत उपदेश नेऊ नये, काम न्यावे : पासबुक पाहावे, तलाठ्याकडे बरोबर जावे, मोटार चालू करून दाखवावी, गॅसची टाकी बदलायला शिकवावे, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का ते पाहावे. ही जबाबदारी आशाताईंवर टाकू नये, असे मी मुद्दाम सांगते. गावातले जे काम कोणालाच नको असते ते आशाताईच्या वहीत जाते, आणि तिची वही केव्हाच भरून गेली आहे. हे काम शेजाऱ्याचे आहे.

नेमलेल्या माणसांना एक मर्यादाही सांगावी लागेल. सर्व दुःख शेजाऱ्याच्या भाकरीने हलके होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक काळ तितक्याच तीव्रतेने टिकणाऱ्या, माणसाला रोजचे व्यवहारही करू न देणाऱ्या शोकाला उपचारांची गरज असलेला विकार म्हणून स्वतंत्र स्थान दिले आहे. त्यात त्या त्या समाजाच्या चालीरीतींचा विचार करावा, असेही म्हटले आहे. झोप पार उडालेली, खाणे सुटलेले, दारू वाढलेली, "मीही आता त्यांच्याकडे जाते" असे शब्द तोंडी आलेले दिसले, तर सहा महिन्यांची वाट पाहू नये. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर, रेशन दुकानात, दूध संकलन केंद्रात आणि खताच्या दुकानात मोठ्या अक्षरांत लिहावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. तिथे जाण्यासाठी एसटीला सोबत कोण बसणार, हे मात्र गावाला ठरवावे लागते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला घरचे पोलीस केसच्या भीतीने लपवून ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते आणि त्याची काळजी घेणे व उपचार करणे ही शासनाची जबाबदारी ठरते. त्याला दवाखान्यात न्यायला घाबरू नये.

महापुराच्या आपल्या जिल्ह्याला हे सारे नवे नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचे डोळे तिकडे लागले होते. कॅमेरे आले, मंत्री आले, धनादेश आले. ते येणे गैर होते असे मी म्हणत नाही. पण आपल्या तालुक्यातील ती घरे आज कशी आहेत, याची चौकशी पाणी उतरल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात किती जणांनी केली? ज्याने पुरात माणूस गमावले आहे, त्याच्या घरी दरवर्षी कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी लागते, तेव्हा तिथे कोणी जाऊन बसायला हवे. पाणी घरात शिरण्याच्या कितीतरी आधी ते त्या माणसाच्या छातीत चढलेले असते. आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत होड्या, दोर, जनावरांचा चारा असतो. त्या यादीत या घरांची नावे असावीत, अशी माझी नदीकाठच्या गावांना वेगळी विनंती आहे.

एक आक्षेप येईल, तो मीच मांडते. "बाई, लोकांना स्वतःच्या घरचे बघायला वेळ नाही, दुसऱ्याच्या दारी वर्षभर कोण जाणार?" हा आक्षेप खरा आहे. नेमलेली माणसे दोन महिन्यांनी कंटाळतील, एखादा जण घरातल्या भांडणांत तोंड घालील, एखादी बाई ऐकलेले गावभर करील. हे सगळे होईल. तंटामुक्ती समित्यांचे काय झाले, ते आपण पाहिले आहे. तरीसुद्धा दहा घरांपैकी चार घरी कोणी गेले, तरी आज एकाही घरी कोणी ठरवून जात नाही, त्यापेक्षा ते बरे. चुगलखोर माणूस नेमायचा नाही, एवढे तारतम्य ग्रामसभेला निश्चित आहे.

आमच्या गावच्या सरपंचांकडे मी हा विषय लेखी दिला आहे आणि आमच्या गल्लीसाठी माझे नाव घालावे असेही त्यात लिहिले आहे. सभेची वाट मात्र पाहिलेली नाही. परवा आमच्या मागच्या आळीत एक तेरावे झाले. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस आहे, पदरी दोन मुली आहेत, बायको कर्करोगाने गेली. काल चौदावा दिवस होता. मी डबा घेऊन गेले नाही; परात आणि पीठ घेऊन गेले. पहिली भाकरी त्याने थापली ती तव्यावर टाकताना दुमडली, दुसरी फाटली. थोरली मुलगी म्हणाली, "पप्पा, आई आधी हाताला पाणी लावायची." तिसरी बऱ्यापैकी गोल झाली. पुन्हा गुरुवारी येते, असे सांगून मी निघाले आहे. त्या दिवशी बँकेचे पासबुक काढून ठेवायला सांगितले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका पलूस, जिल्हा सांगली